कासवाच्या पोटातली शीळ

मुठीत मावेल एवढं मातीचं कासव. शेपटीकडून फुंकायचं, पोटावरच्या भोकांवर बोटं ठेवायची, की कासव चक्क पक्ष्यासारखी शीळ घालतं. मेक्सिकोपासून खाली मध्य अमेरिकेपर्यंतच्या पट्ट्याला पुरातत्त्वज्ञ मेसोअमेरिका म्हणतात. स्पॅनिश लोक तिथे पोचण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून तिथले कारागीर अशी वाद्यं घडवत होते. पक्षी, घुबडं, बेडूक, माकडं, कुत्री. दक्षिण टोकाच्या निकोया भागात तर अंगावर कवच वागवणारा आर्माडिलोसुद्धा.

प्राणीच का? श्रद्धेचा भाग आहेच. मेक्सिकोतल्या युकातानमधले मूळचे माया लोक पावसाच्या देवासाठी, चाकसाठी, विधी करतात, तेव्हा लहान मुलं बेडकासारखं डरांव डरांव करतात. पण मला यातला भौतिकशास्त्राचा भाग जास्त गमतीचा वाटतो.

बासरी घ्या. तिचा सूर ठरतो तो नळीतल्या हवेच्या लांबीवरून. म्हणून भोक जरा इकडचं तिकडे झालं की बासरी बेसूर. या मातीच्या वाद्यांचं तसं नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते, त्याच जातीची ही वाद्यं. फुंकर अरुंद वाटेने जाऊन एका धारदार कडेवर आपटते आणि आत-बाहेर हेलकावू लागते. पोटातली हवा स्प्रिंगसारखी दबते, फुगते. भोकाशी असलेली हवा त्या स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी डोलते. १९व्या शतकात हेर्मान फॉन हेल्महोल्त्झ या जर्मन शास्त्रज्ञाने याचं गणित मांडलं. पोकळी मोठी तर सूर खालचा, उघड्या भोकांचं क्षेत्रफळ जास्त तर सूर वरचा. भोक कुठे आहे, याला फारसं महत्त्व नाही.

म्हणजे कारागिराला मोकळं रान! पोट कासवाचं असो की घुबडाचं, आतल्या पोकळीला त्याचं काही पडलेलं नसतं. किती हवा मावते एवढाच तिचा प्रश्न. भोकं पंखाखाली पाडा, पाठीवर पाडा. आणि पोकळी लहान म्हणून आवाज बारीक, त्यामुळे बेडूकही शिट्टीच वाजवतो. गंमत अशी, की १८५३मध्ये इटलीतल्या बुद्रिओ गावच्या ज्युझेप्पे दोनातीने याच तत्त्वाचं जे वाद्य बनवलं, त्याचं नाव ओकारिना. ओका म्हणजे हंसी, ओकारिना म्हणजे छोटी हंसी. अटलांटिकपलीकडे खरेखुरे मातीचे पक्षी त्याच्या हजारभर वर्षं आधीपासून गात होते.

कुंभाराचं चाक तिथे नव्हतं. बेलीझमधल्या लुबान्तून या जुन्या माया शहरात सापडलेल्या मूर्तींचा पुढचा भाग साच्यात दाबून काढलेला आहे आणि मागे शिट्टीची पोकळी जोडलेली आहे. मेक्सिकोतल्या कांपेचेच्या किनाऱ्यालगतच्या हाइना बेटावर माया लोकांनी इ.स. ६०० ते ९००च्या सुमारास मृतांसोबत सुबक मूर्ती पुरल्या. त्यांतल्या कित्येक शिट्ट्या किंवा खुळखुळे आहेत. इंटरनेटवर मात्र कौतुक कवटीच्या तोंडाच्या, किंकाळणाऱ्या ॲझ्टेक शिट्टीचंच. बिचारी कासवं मागे पडली.

काही वाद्यांना दोन पोकळ्या असतात, किंचित वेगळ्या सुरांच्या. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पूर्ण जुळल्या नाहीत, की आवाजात जी लाट उठते, तीच इथे उठते. एक सूर सेकंदाला ५०० कंपनांचा आणि दुसरा ५०५चा असला, तर आवाज सेकंदाला ५ वेळा चढतो-उतरतो.

आणि हे साधायचं कशात, तर मातीत. माती वाळताना आणि भाजताना आकसते. सगळी मापं १० टक्क्यांनी घटली तर सूर साधारण ११ टक्क्यांनी चढतो. ओल्या मातीत सा लावला, तर भट्टीतून जवळजवळ रे बाहेर येणार. तेव्हा कारागिराला कच्च्या कासवात मुद्दाम उतरलेला सूर लावावा लागणार, तोही पुढे किती चढेल याचा अंदाज बांधून. भाजल्यावर भोक घासून सूर थोडा आणखी चढवता येतो; खाली आणायचा तर भोकाच्या कडेला मेण लावायचं.