पाच प्रश्नचिन्हे की पंधरा खुणा: जावातल्या बिघडलेल्या देवनागरीची पार्श्वभूमी

जावा या संगणकभाषेतला प्रोग्रॅम अडला की मदत मागणारा सहसा रिकाम्या हाताने जात नाही. त्याच्याजवळ स्टॅक ट्रेस असतो: कोणता क्लास, कोणती मेथड, कितवी ओळ. २००२ साली आलेल्या १.४ आवृत्तीने त्यात ‘कॉज्ड बाय’ची साखळी जोडली आणि वरच्या एक्सेप्शनखाली, म्हणजे अडल्याच्या सूचनेखाली, दडलेले मूळ कारण दिसू लागले. २०२० सालच्या जावा १४ पासून नलपॉइंटरएक्सेप्शन नेमके काय नल, म्हणजे रिकामे, होते तेही सांगू शकते. १५ मध्ये ही सोय आपोआप चालू झाली. एवढ्या माहितीवर शेजारच्या टेबलावरचा सहकारी दोन मिनिटांत दुखण्यावर बोट ठेवतो.

देवनागरी बिघडते तेव्हा यातले काहीच हाती नसते. प्रोग्रॅम शेवटपर्यंत सुरळीत चालतो, एकही एक्सेप्शन येत नाही, आणि मराठी मंडळाच्या सभासद-यादीत ‘इंदूर’च्या जागी पाच प्रश्नचिन्हे छापून येतात. त्यामुळे या एका बिघाडावर ऐकीव उपायांचे मोठे गाठोडे जमा झाले. इंदूरच्या भंवरकुआ भागातल्या क्लासमध्ये ते शिकवले गेले, एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात गेले, कोडमध्ये चिकटवले गेले. ते उपाय खोटे नव्हते. प्रत्येक उपाय कुठल्यातरी आवृत्तीवर, कुठल्यातरी यंत्रावर खरोखर चालला होता. ती आवृत्ती आणि ते यंत्र कोणते, एवढे मात्र उपायासोबत पुढे गेले नाही.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. जानेवारी १९९६ मधल्या पहिल्या जावापासून स्ट्रिंगच्या, म्हणजे मजकुराच्या, आत युनिकोडच आहे: सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत. मेमरीतली देवनागरी त्या दिवसापासून सुखरूप आहे. बिघाड होतो तो दारात, बाइट आत येताना किंवा बाहेर जाताना. १९९७ च्या १.१ मध्ये रीडर आणि रायटर हे क्लास आले आणि त्यांच्यासोबत एक निर्णयही आला: एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत) सांगितले नसेल तर यंत्राचे जे डीफॉल्ट असेल ते धरायचे. त्याच यंत्रावर नोटपॅडमध्ये केलेली फाइल जावाला विनातक्रार उघडता यावी, हा हेतू. जर्मन किंवा जपानी यंत्रावर हे रास्त होते, कारण तिथल्या विंडोजला त्या लिपीचे कोडपेज, म्हणजे अक्षर-संकेतांचा तक्ता, होते. यंत्राचे डीफॉल्ट म्हणून निवडता येईल असे देवनागरी कोडपेज विंडोजने कधी दिलेच नाही. ‘इंग्लिश, इंडिया’ अशी मांडणी असलेल्या यंत्रावर जावाला मिळे ते विंडोज-१२५२, पश्चिम युरोपीय लिप्यांचे.

तरीही बरीच वर्षे ओरड झाली नाही, कारण युनिकोड वापरतच कोण होते? मध्य प्रदेशात टायपिंगवर कृतिदेवचे राज्य होते, मराठी छपाईत शिवाजी आणि श्री-लिपी. या फाँटांत ‘क’ दिसतो तो फक्त डोळ्याला. कृतिदेवच्या फाइलमध्ये त्या जागी रोमन ‘डी’चा संकेत पडलेला असतो. असे संकेत विंडोज-१२५२ मधून बिनबोभाट आत-बाहेर जातात. यादी युनिकोडमध्ये आणायची वेळ आली तेव्हा तोच प्रोग्रॅम, तीच जावा आणि तेच यंत्र एकाएकी बिघडल्यासारखे वाटू लागले. ‘युनिकोड केले म्हणून बिघडले’ ही समजूत तिथून रुजली आणि अजून पुरती गेलेली नाही.

इथे लक्षणे वेगळी करणे भाग आहे, कारण ‘मराठी नीट येत नाही’ या एका वाक्याखाली निदान चार निरनिराळे बिघाड सांगितले जातात. ‘इंदूर’ हा शब्द जावाच्या दृष्टीने पाच संकेतांचा आहे: इ, अनुस्वार, द, दीर्घ ऊकार, र. यूटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणजे एकूण पंधरा बाइट. पाच प्रश्नचिन्हे आली तर स्ट्रिंग बरोबर होती आणि ती लिहिताना लिपी न मावणारे एन्कोडिंग वापरले गेले. अक्षरे कायमची गेली, त्या फाइलमधून ती परत येणार नाहीत. पंधरा विचित्र खुणा आल्या, आणि त्यात डोक्यावर तिरपी रेघ असलेला लहान रोमन ‘ए’ पुन्हापुन्हा दिसला, तर फाइल यूटीएफ-८ आहे पण वाचताना विंडोज-१२५२ किंवा लॅटिन-१ धरले आहे. मूळ फाइलला अजून धक्का लागलेला नाही. काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह म्हणजे वाचणाऱ्याला बाइटचा अर्थ लागला नाही. रिकामे चौकोन म्हणजे केवळ फाँट नाही, डेटा ठणठणीत आहे. मोजणी मात्र डोळ्यांनी करू नये. लॅटिन-१ मधल्या काही खुणा अदृश्य असतात, म्हणून लेंग्थ मेथडचा आकडा पाहावा.

आता ज्या उपायाने सर्वांत जास्त गोंधळ घातला त्याकडे येऊ. स्ट्रिंगचे ‘आयएसओ-८८५९-१’ने (म्हणजेच लॅटिन-१ने) बाइट काढायचे आणि त्याच बाइटांची ‘यूटीएफ-८’ म्हणून नवी स्ट्रिंग बनवायची, ही ती एका ओळीची जादू. तिचा जन्म वेब प्रोग्रॅमिंगमध्ये झाला. ब्राउझर फॉर्म यूटीएफ-८ मध्ये पाठवी, पण सर्व्हलेटच्या (जावाच्या वेब-सर्व्हर पद्धतीच्या) नियमानुसार एन्कोडिंग सांगितलेले नसेल तर सर्व्हर ते लॅटिन-१ धरून वाचे. लॅटिन-१ मध्ये २५६ च्या २५६ बाइटांना जागा आहे. चुकीचे वाचले तरी एकही बाइट हरवत नाही, म्हणून उलट्या वाटेने मूळ अक्षरे मिळतात. २००१ च्या सर्व्हलेट २.३ मध्ये रिक्वेस्टवर एन्कोडिंग नेमण्याची मेथड आली, तेव्हाच या ओळीची गरज संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण ही मेथड पहिला पॅरामीटर वाचण्याआधीच बोलवावी लागते. लॉगिंगसाठी एखाद्या फिल्टरने आधीच पॅरामीटर वाचला असेल तर ती गुपचूप निष्फळ ठरते. शिवाय ती चालते फॉर्मच्या मजकुरावर. यूआरएलमधून येणाऱ्या शब्दासाठी टॉमकॅट या जावा वेब-सर्व्हरच्या सर्व्हर.एक्सएमएलमध्ये कनेक्टरवर यूआरआयएन्कोडिंग वेगळे लिहावे लागे. टॉमकॅट ८ पासून तिथे यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट झाले. त्या दिवसापासून जुनी ओळ उपाय न राहता स्वतःच रोग झाली: सर्व्हर बरोबर वाचतो, मग ही ओळ त्याच बरोबर स्ट्रिंगचे लॅटिन-१ बाइट काढते आणि अक्षरांची प्रश्नचिन्हे करते. जुना प्रोजेक्ट नव्या टॉमकॅटवर नेल्यावर शोधपेटीतले मराठी मेले, तर आधी ही ओळ शोधावी.

खरा घात झाला तो हीच युक्ती फाइलींसाठी वापरताना. विंडोजवर फाइल वाचली गेलेली असते विंडोज-१२५२ ने, म्हणून कुणीतरी ओळीतले नाव बदलून विंडोज-१२५२ केले आणि ‘इंदूर’ लिहून चाचणी घेतली. चालले! पण विंडोज-१२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत (सोळाच्या पायात): ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. त्या जागेवरचा बाइट वाचताना जावा तो टाकून देते आणि ‘न कळलेले अक्षर’ अशी एकच ठरीव खूण ठेवते. पाय मोडण्याची खूण, म्हणजे हलन्त, यूटीएफ-८ मध्ये ई०, ए५, ८डी अशी लिहिली जाते. तिचा तिसरा बाइट नेमका त्या खड्ड्यात पडतो. ऱ्हस्व उकार, चंद्रबिंदू, ए, ऐ आणि झ यांचेही तेच. परिणाम असा की इंदूर, देवास, धार, महू आणि बडोदे सुखरूप परत येतात. ग्वाल्हेर, उज्जैन, पुणे आणि झाशी येत नाहीत. इंदुरात बसून गावाच्या नावाने चाचणी घेणाऱ्याला हा दोष दिसणे शक्यच नव्हते. त्याने उपाय मनापासून पुढे सांगितला, आणि ग्वाल्हेरच्या माणसाला तो चालला नाही. यात दोघांपैकी कुणाचीच चूक नाही. चाचणीसाठी शब्द निवडताना जोडाक्षर, ऱ्हस्व उकार आणि झ हे तिन्ही असावेत, एवढे यावरून पक्के धरावे. ‘झुंझुर्का’ पुरेसा आहे.

२०११ ते २०१७ हा काळ सर्वांत कठीण होता असे म्हणावे लागेल, कारण एकाच भाषेत दोन नियम नांदत होते. जावा ७ मध्ये फाइल्स हा नवा क्लास आला. तो एन्कोडिंग मागून घेई, आणि जावा ८ मध्ये न सांगितल्यास यूटीएफ-८ धरू लागला. शेजारचा जुना फाइलरीडर मात्र यंत्राच्या डीफॉल्टवरच राहिला. त्याला एन्कोडिंग सांगण्याची सोय थेट २०१८ च्या जावा ११ मध्ये मिळाली. तोवर फाइलइनपुटस्ट्रीमभोवती इनपुटस्ट्रीमरीडर गुंडाळणे हाच मार्ग होता. एकाच प्रोग्रॅममध्ये एक यादी नीट आणि दुसरी बिघडलेली, असे दिसले की दोन्ही ठिकाणचे क्लास आधी ताडून पाहावेत. फरक आणखीही एक आहे. फाइल्स क्लास चुकीच्या बाइटावर मालफॉर्म्डइनपुटएक्सेप्शन फेकतो, फाइलरीडर गप्प राहतो. एक्सेप्शन आले म्हणून पुष्कळांनी नवा क्लास सोडून जुना धरला. एक्सेप्शन हीच तर खरी मदत होती.

याच काळात प्रोग्रॅम सुरू करण्याच्या आज्ञेत ‘-डी’ लावून ‘फाइल.एन्कोडिंग’ हा पर्याय यूटीएफ-८ करा, हा सल्ला सर्वत्र झाला. जावा ८ वर तो बहुधा चालतो, पण जावा १८ येईपर्यंत अधिकृतपणे तो आधार दिलेला पर्याय नव्हता. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर कोडमधून हे मूल्य बदलण्याचा सल्ला तर भरवशाचा नाहीच, कारण डीफॉल्ट तोवर ठरून गेलेले असते. लिनक्सवर आणखी एक सापळा आहे. टर्मिनलमधून चालवलेला प्रोग्रॅम यूटीएफ-८ लोकेल (भाषा आणि एन्कोडिंगची मांडणी) घेतो, तोच क्रॉनमधून (ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणाऱ्या साधनातून) चालला की लोकेल रिकामे असते आणि जावा ८ साधे अॅस्की, फक्त रोमन अक्षरांचे, धरते. दिवसा बरोबर, रात्रीच्या रिपोर्टमध्ये प्रश्नचिन्हे. कारण वेळेत नसते, लोकेलमध्ये असते.

प्रॉपर्टीज फाइल, म्हणजे नाव-मूल्य जोड्यांची फाइल, ही वेगळी शाखा. जावा ८ पर्यंत ती लॅटिन-१ मानली जाई, म्हणून नेटिव्ह२अॅस्की हे साधन चालवून मराठी मजकूर युनिकोडच्या संकेत-क्रमांकांत बदलून घ्यावा लागे. २०१७ च्या जावा ९ ने रिसोर्सबंडलसाठी (भाषेनुसार मजकूर पुरवणाऱ्या क्लाससाठी) यूटीएफ-८ स्वीकारले आणि ते साधन काढून टाकले. पण प्रॉपर्टीज क्लासला इनपुटस्ट्रीम दिला तर तो आजही लॅटिन-१च वाचतो. त्याला रीडर द्यावा.

मूळचा १९९७ चा निर्णय बदलला मार्च २०२२ मध्ये, जावा १८ ने. एन्कोडिंग न सांगितल्यास आता सर्व यंत्रांवर यूटीएफ-८. विरोधकांचे म्हणणे असे की विंडोजवर, विशेषतः पूर्व आशियात, जुन्या कोडपेजातल्या असंख्य फाइली आहेत आणि आवृत्ती बदलताच त्या मुकाट्याने चुकीच्या वाचल्या जातील. हे खरे आहे, आणि म्हणूनच फाइल.एन्कोडिंगला ‘कॉम्पॅट’ हे मूल्य देऊन जुनी वागणूक परत मिळते. पण ज्या लिपीला कोडपेजच नव्हते तिच्यासाठी जुना नियम एक दिवसही उपयोगाचा नव्हता. जावा ९ ने मॉड्यूलसाठी एवढी मोडतोड केलीच होती. हा बदल तेव्हाच झाला असता तर देवनागरीत काम करणाऱ्यांची साडेचार वर्षे वाचली असती.

१८ नंतरही सगळे सुटलेले नाही. कन्सोलवर छापताना जावा टर्मिनलचेच एन्कोडिंग पाहते, म्हणून विंडोजच्या खिडकीत प्रश्नचिन्हे दिसली तरी फाइल ठीक असू शकते. चाचणीपुरते कोडपेज ६५००१ करावे. कंपाइलरला जावा १७ पर्यंत एन्कोडिंग पर्यायाने यूटीएफ-८ सांगावे लागते. जुन्या नोटपॅडने फाइलीच्या आरंभी टाकलेली बीओएम ही अदृश्य खूण कंपाइलरला आजही चालत नाही, पहिल्याच ओळीवर ‘इल्लीगल कॅरॅक्टर’ येते. मायएसक्यूएल या डेटाबेसात ५.७ पर्यंत टेबलाचे डीफॉल्ट लॅटिन-१ होते. जावाचा कोड निर्दोष असूनही कॉलम प्रश्नचिन्हे साठवू शके.

मदत मागताना स्क्रीनशॉट फारसा कामाचा नाही. जावाची आवृत्ती, डीफॉल्टचारसेट मेथडचे उत्तर, आणि स्ट्रिंगमधल्या प्रत्येक कॅरॅक्टरचा सोळाच्या पायातला आकडा, एवढे द्यावे. ‘इंदूर’साठी ९०७, ९०२, ९२६, ९४२, ९३० आले तर स्ट्रिंग शुद्ध आहे, दोष पुढे लिहिण्यात किंवा दाखवण्यात. ई०, ए४, ८७ अशी सुरुवात झाली तर वाचताना लॅटिन-१ धरले गेले. (विंडोज-१२५२ असेल तर तिसरा आकडा २०२१ येतो.) सगळीकडे ३एफ म्हणजे प्रश्नचिन्हे त्याआधीच पडून गेली आहेत, मागच्या टप्प्यावर जावे.

आणि आकडे शुद्ध असूनही ‘कऱ्हाडे’ शोधात सापडत नसेल, तर प्रश्न एन्कोडिंगचा नाही. या ‘ऱ्ह’तला र तीन तऱ्हांनी टाइप होतो: ९३१ हा एकच संकेत, ९३० अधिक नुक्ता ९३सी, किंवा ९३०, हलन्त आणि अदृश्य जोडखूण २००डी. जावा ६ पासूनचा नॉर्मलायझर एनएफसी या युनिकोडच्या एकरूप-लेखनाच्या पद्धतीने पहिल्या दोन एक करतो. तिसरी त्याच्या नियमांत बसत नाही. साठवण्यापूर्वी ९३०, ९४डी, २००डी या क्रमाच्या जागी ९३१, ९४डी असे स्वतः बदलून घ्यावे लागते, आणि शोधशब्दावरही तोच बदल करावा लागतो.