पांडाचे छत्र आणि त्याखालचे जंगल

बांबूच्या बनात पांडा जेवायला बसतो, तो पाय पसरून आणि पाठ एखाद्या झाडाला टेकवून. मनगटाचे एक हाड वाढून त्याला अंगठ्यासारखा आधार मिळालेला असतो. त्यात कांडे पकडून तो दातांनी हिरवी साल सोलतो आणि आतला भाग कडाकडा चावतो. दिवसाला 12 ते 38 किलो बांबू खाऊनही त्यातला जेमतेम सहावा हिस्सा अंगी लागतो, कारण खाणे शाकाहारी असले तरी आतडे मांसाहारी प्राण्याचेच, आखूड आहे. उरलेला बांबू विष्ठेतून जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडतो. विष्ठेतल्या या तुकड्यांची लांबी मोजून एक पांडा दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो, आणि चीनच्या पांडागणनेत ही युक्ती उपयोगी पडली आहे. 2015 मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार सिचुआन, शाआन्शी आणि गान्सू या प्रांतांतील डोंगररांगांमध्ये 1,864 पांडा होते.

पांडा बांबूचे बी पसरवतो आणि जंगल वाढवतो, असे पुष्कळदा लिहिले जाते. मला हे विधान जरा सैल वाटते. तिथल्या बांबूला अनेक दशकांतून एकदाच फुलोरा येतो, बी धरते आणि बेट वाळून जाते. एरवी बांबू पसरतो तो जमिनीखालच्या खोडांनी. मग बी वाहून नेण्याची संधी पांडाला मिळणार किती वेळा? उलट परावलंबन त्याचेच अधिक आहे. 1970 च्या दशकाच्या मध्यात मिनशान डोंगरांत बांबू फुलून वाळला, तेव्हा किमान 138 पांडा मेलेले आढळले. पूर्वी असे झाले की पांडा दुसऱ्या जातीचा बांबू असलेल्या खोऱ्यात उतरत असत. मधल्या काळात शेती आणि वस्त्यांनी त्या वाटा अडवल्या होत्या.

पांडाचे महत्त्व म्हणूनच त्याच्या खाण्यापेक्षा त्याच्या नावाने राखल्या गेलेल्या जंगलात आहे. त्याच्यासाठी राखलेल्या डोंगरउतारांवर सोनेरी माकडे, ताकिन (शेळीच्या कुळातला एक धिप्पाड खूरवाला प्राणी) आणि असंख्य पक्षी तगून आहेत, आणि यांगत्से नदीच्या वरच्या खोऱ्यातील माती व पाणीही तेच उतार धरून ठेवतात. अशा प्राण्याला ‘छत्र प्रजाती’ म्हणतात.

या छत्राला मात्र मोठी भोके आहेत. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने 1960 च्या दशकापासूनच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा पांडासाठी राखलेल्या क्षेत्रांपैकी 81 टक्के क्षेत्रांतून बिबट्या, 77 टक्क्यांतून लांडगा आणि 38 टक्क्यांतून हिमबिबट्या नाहीसा झाल्याचे दिसले. ताडोबात टोळीने हिंडणारा आपला कोळसून, म्हणजे रानकुत्रा, तर 95 टक्के क्षेत्रांतून गेला होता. शिकार, वृक्षतोड आणि रोगराई ही कारणे आहेतच, पण गणित जागेचेही आहे: एका पांडाला सुमारे 13 चौरस किलोमीटर पुरतात, तर या भक्षकांना बहुधा 100 चौरस किलोमीटरहून अधिक मुलूख लागतो. भक्षक गेले की खूरवाल्या प्राण्यांवर वचक राहत नाही आणि कोवळी रोपे चरली जातात. म्हणजे झळ अखेर त्याच जंगलाला बसते.

2021 मध्ये चीनने सुमारे 22,000 चौरस किलोमीटरचे पांडा राष्ट्रीय उद्यान अधिकृतपणे स्थापन केले आणि पूर्वीची अनेक सुटी राखीव क्षेत्रे त्यात एकत्र आणली. बिबट्याला आणि कोळसुनाला लागणारा सलग मुलूख तिथे मिळू शकतो, पण त्यासाठी उद्यानाची आखणी आणि देखरेख पांडाच्या पावलांपेक्षा बरेच लांब चालणाऱ्या प्राण्यांचा हिशेब धरून करावी लागेल.