गाडीचा गंज आणि बॅटरीला जोडायची पेटी

बॅटरीला जोडलेली एक लहानशी पेटी संपूर्ण गाडीला गंजापासून वाचवते, असा दावा करणारी उपकरणे बाजारात आहेत. या दाव्याच्या मुळाशी खरे विज्ञान आहे, आणि म्हणूनच तो सहज पटतो.

साध्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून काही तास निरखला, तर कडेचा पत्रा बराचसा शाबूत राहतो आणि मधला भाग मात्र झिजू लागतो. कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोहोचतो, मध्यभागी तो अपुरा पडतो. त्यामुळे मधले लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळते, ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेला जाऊन तेथल्या ऑक्सिजनला मिळतात, आणि दोहोंच्या दरम्यान तांबूस गंजाचे कडे उमटते.

बाहेरून पुरेसे इलेक्ट्रॉन मिळाले, तर लोखंडाचे विरघळणे थांबते. जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून वाचवता येतो, हे इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी 1824 साली दाखवले होते, आणि जमिनीखालच्या पोलादी नळवाहिन्याही आज याच तत्त्वावर राखल्या जातात. मात्र तेथे ॲनोड (ज्यातून संरक्षक प्रवाह बाहेर पडतो तो तुकडा) आणि राखायचा धातू एकाच सलग पाण्यात किंवा ओल्या मातीत असल्याने विद्युतमंडल पूर्ण होते. गाडीभोवती असते ती हवा. दाराच्या खालच्या कडेत अडकलेला थेंब आणि पेटीचा ॲनोड यांना जोडणारे पाणीच नसल्यामुळे संरक्षक प्रवाहाला तेथवर वाटच मिळत नाही. काही उपकरणे रंगावर चिकटवलेल्या पट्टीतून विजेचे स्पंद पाठवतात. परंतु रंग विद्युतरोधक असल्याने त्यातून प्रभार नुसता पुढेमागे हलतो, आणि गंज रोखायला तर एकाच दिशेने टिकून वाहणारा प्रवाह लागतो.

जस्ताचा थर दिलेला पत्रा टिकतो, तोही याच नियमाने. ओरखड्यात साचलेल्या एकाच थेंबात जस्त आणि लोखंड दोन्ही भिजतात, मंडल त्या थेंबातच पूर्ण होते, आणि लोखंडाऐवजी जस्त झिजते. त्याला ना पेटी लागते, ना तार.

माझ्या मते ही उपकरणे घेऊ नयेत. तोच पैसा गाडी खालून धुण्यावर, पोकळ भागांत मेणाचा थर देण्यावर आणि ओरखडा दिसताच तेथे रंग लावण्यावर खर्च करावा. दारांच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती चिखलाने बुजली की दाराच्या आत पाणी साचते आणि पत्रा आतून गंजत जातो. ती छिद्रे अधूनमधून काडीने मोकळी करावीत.