म्हाताऱ्या नराची जरब

बोत्सवानात खामा घराण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. पणजोबा तिसरे खामा बामांग्वाटो जमातीचे राजे, वडील सेरेत्से खामा १९६६ साली स्वतंत्र देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. मुलगा इयन खामा वैमानिक झाला, पुढे लष्करप्रमुख आणि २००८ ते २०१८ राष्ट्राध्यक्ष. चोरट्या शिकाऱ्यांविरुद्ध लष्कर रानात उतरलं ते १९८७ मध्ये, म्हणजे इयन खामा राजकारणात येण्याच्या बऱ्याच आधी.

२०१४ च्या जानेवारीत त्यांनी खासगी कुरणं वगळून देशभर हौशी शिकार बंद केली. या निर्णयावर आजही वाद होतो, पण तो बहुतेक वेळा हत्तींच्या आकड्यावरच अडतो. हत्ती मोजतात कसे? लहान विमान सरळ रेषेत, झाडांच्या थोडं वरून उडतं. पंखाखाली लावलेल्या दोन दांड्यांमधून जमिनीचा जेवढा पट्टा दिसतो, त्यातलेच हत्ती मोजायचे आणि त्यावरून साऱ्या प्रदेशाचा अंदाज काढायचा. २०१४ च्या मोजणीत सुमारे १,३०,००० निघाले, २०२२ मध्ये जवळपास १,३२,०००. आकडा हललाच नाही म्हणा ना. पण कळपात म्हातारे नर किती उरले, हे या एका आकड्यात दिसत नाही. आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

हत्तीचे सुळे जन्मभर वाढतात. म्हणून शिकाऱ्याची बंदूक नेमकी सर्वांत थोराड नरावर रोखलेली असते. त्याच्या जाण्याने काय होतं, हे दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेस्बर्ग राष्ट्रीय उद्यानात दिसलं. तिथे क्रुगरच्या रानातली पोरकी पिल्लं आणून सोडली होती. ती वयात आली आणि १९९२ ते १९९७ या काळात त्यांनी ४० हून जास्त पांढरे गेंडे मारले. हे तरुण नर वयाच्या मानाने फार लवकर माजावर येत आणि तो माज लांबत जाई. १९९८ मध्ये क्रुगरमधून सहा प्रौढ नर आणले, तसं गेंडे मरणं थांबलं. मोठा नर समोर आला की धाकट्याचा माज आपोआप ओसरतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या धाकासारखंच हे, फक्त इथे तो धाक शरीरातल्या रसायनांपर्यंत पोचतो.

म्हणून खामांची बंदी जीवशास्त्राच्या बाजूने मला योग्यच वाटते. पण शिकारीतून गावांना मिळणारा पैसा बुडाला, आणि हत्ती मात्र शेतात येतच राहिले. एक मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलो चारा खातो. एका रात्रीत मक्याचं काय होतं, हे आपल्या दोडामार्गातल्या शेतकऱ्याला विचारा. त्या गावांची भरपाई नीट झाली नाही, ही त्या धोरणाची मोठी चूक. २०१९ च्या मे महिन्यात नव्या राष्ट्राध्यक्षांनी बंदी उठवली. त्याच वर्षी खामांनी वडिलांनी स्थापन केलेला पक्ष सोडला.

बोत्सवानातल्या ओकावांगो नदीच्या काठचे शेतकरी आजही मिरचीची पूड आणि हत्तीची लीद कालवून विटा थापतात. वाळलेली वीट तिन्हीसांजेला शेताच्या बांधावर पेटवायची. ती रात्रभर धुमसत राहते, आणि तो झोंबरा धूर सोंडेत गेला की हत्ती मागे फिरतो.