'सबान मून' सबानचं नव्हतंच

'सेलर मून' या जपानी कार्टून मालिकेची एक अमेरिकन आवृत्ती 'पॉवर रेंजर्स' ही खऱ्या नटांची मालिका करणाऱ्या सबान कंपनीने केली होती आणि ती हरवली, ही गोष्ट चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतेय. तिचं नावच पडलं 'सबान मून'. यात सबानचा काडीचाही संबंध नाही.

या आवृत्तीचा एकच नमुना भाग (पायलट) रेनेसाँ अटलांटिक या कंपनीसाठी टून मेकर्स नावाच्या स्टुडिओने बनवला. १९९८च्या ॲनिमे एक्स्पोमध्ये (जपानी कार्टूनच्या चाहत्यांचं अमेरिकेतलं संमेलन) त्याची जेमतेम दोन मिनिटांची चित्रफीत दाखवली गेली आणि प्रेक्षक हसून लोळले. अर्धं कार्टून, अर्ध्या खऱ्या नट्या: हे तर पॉवर रेंजर्सच! मग सबानशिवाय दुसरं कोण असणार? अंदाज चुकीचा, पण अगदीच बिनबुडाचा नाही. खेळण्यांची बांदाई कंपनी दोन्हीकडे होती.

दुसरा गैरसमज असा, की जपानी भाग कापूनजोडून हे केलं. तेही नाही. सगळं नव्याने काढलेलं. मूळ मालिकेतली काळी लूना मांजर इथे पांढरी आहे, नायिकांपैकी मर्क्युरी व्हीलचेअरवर आहे (ही कल्पना मला तरी आवडली) आणि मुली हवेत शिडाच्या फळ्यांवरून उडतात.

जपानी भागांची कापाकापी केली ती डिक या दुसऱ्या कंपनीने. १९९५ला टीव्हीवर आलेली इंग्रजी मालिका तिचीच. पहिल्या पर्वाचे ४६ भाग तिथे ४० झाले. शेवटचे दोन तर एकातच कोंबले.

आणि 'हरवली' म्हणाल, तर पूर्ण नमुना भाग २०२२मध्ये सापडला. प्रत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये होती.