खरं-खोटं तपासताना विद्यार्थी कुठे अडतात?

इंटरनेटवर नागरिक म्हणून वावरताना काय करावं, हे कॉलेजच्या मुलांना किती कळतं? ते मोजायचा एक मार्ग म्हणजे त्यांनाच विचारणं. मूनसन चोई आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून २६ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. तिची अंगं पाच: तांत्रिक कौशल्य, स्थानिक-जागतिक प्रश्नांची जाण, ऑनलाइन राजकीय सहभाग, चिकित्सक दृष्टी आणि इतरांशी जोडून घेणं. ही मांडणी मला मोलाची वाटते, कारण आपल्याकडे डिजिटल नागरिकत्वाची चर्चा ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ याच्या फारशी पुढे जात नाही.

पण प्रश्नावलीत विद्यार्थी स्वतःबद्दलचं मत नोंदवतो. प्रत्यक्ष शोधायला बसल्यावर तो काय करतो, हे बघायचं तर त्याचा स्क्रीनच पाहायला हवा.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी तेच केलं. त्यांनी ४५ जणांना संगणकासमोर बसवलं: इतिहासात पीएचडी केलेले १०, व्यावसायिक फॅक्ट-चेकर (बातम्या-दाव्यांचं खरं-खोटं तपासणारे) १० आणि स्टॅनफर्डचेच पदवीचे विद्यार्थी २५. शाळेतल्या दादागिरीबद्दलचे दोन लेख त्यांच्यापुढे ठेवले. एक ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स’चा, म्हणजे १९३० पासून चालत आलेल्या, हजारो बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा. दुसरा ‘अमेरिकन कॉलेज ऑफ पीडिअ‍ॅट्रिशियन्स’चा. हा छोटा गट. समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याला अकॅडमीने पाठिंबा दिल्यावर तो २००२ मध्ये वेगळा निघाला. नावं इतकी सारखी की कुणीही फसावं.

विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना दुसरी, छोट्या गटाची साइट जास्त विश्वासार्ह वाटली. का, तर मांडणी नेटकी होती, खाली संदर्भ दिले होते, जाहिराती नव्हत्या. ती पोरं आळशी नव्हती. पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत होती, आणि नेमकं तिथेच अडकली. स्वतःबद्दल काय दाखवायचं हे त्या पानाचा मालकच ठरवतो, मग तेच पान कितीही बारकाईने वाचून काय हाती लागणार? इतिहासाचे पीएचडीवालेही अनेकदा दोन्हींच्या मध्ये घुटमळले.

फॅक्ट-चेकर मात्र पानावर फार वेळ थांबलेच नाहीत. त्यांनी लगेच नवे टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते शोधलं. शोधाच्या यादीतल्या पहिल्याच दुव्यावर झडप न घालता आधी सगळी यादी नजरेखालून घातली. या पद्धतीला लॅटरल रीडिंग म्हणतात. आडवं वाचन म्हणा हवं तर. दहाच्या दहा फॅक्ट-चेकरनी अकॅडमीलाच जास्त विश्वासार्ह ठरवलं.

असं न तपासण्याची किंमत आपल्याकडे माणसांनी मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज त्या काळात सगळीकडे पसरले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा आणली. मर्यादेने वेग कमी होतो. पण मेसेज पुढे पाठवावा की नाही, हे अंगठाच ठरवतो.

आणि हे शिकवता येतं! वाइनबर्ग यांच्याच गटाने अमेरिकेतल्या एका जिल्ह्यात नागरिकशास्त्राच्या नेहमीच्या वर्गांतच सहा तासिका आडवं वाचन शिकवलं. ४९९ शाळकरी मुलांच्या या अभ्यासात, या तासिका घेतलेल्यांची साइट पारखण्याची क्षमता न घेतलेल्यांपेक्षा जास्त वाढली.

सहा तासिका आपल्या कुठल्याही विद्यापीठाला परवडतील. यूजीसीने २०२२ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर वर्गांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला, त्यातही त्या बसवता येतील. फक्त त्यावर ‘व्याख्या लिहा, पाच गुण’ असा पेपर नको. प्रॅक्टिकल घ्यावं: एक अनोळखी साइट, दहा मिनिटं, इंटरनेट सुरू. आणि परीक्षकाने उत्तराबरोबर विद्यार्थ्याने कोणते टॅब उघडले तेही तपासावं.