कान्हेरी: पावसाचा हिशेब करून कोरलेलं विद्यापीठ

भर जुलैत कान्हेरीला गेलात, तर धबधब्याकडची गर्दी सोडून थोडं वर चढा. कातळावरून उतरणारं पाणी एका कोरीव पन्हळीत शिरतं, लेण्याच्या दर्शनी भागाला वळसा घालतं आणि कडेच्या टाक्यात पडतं. पोकळ जागेत पाणी पडल्याचा तो घुमणारा आवाज मला तरी इथल्या मूर्तींहून जास्त लक्षात राहिलाय.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकाम सुरू झालं आणि पुढे हजारभर वर्षं इथे भिक्षू राहत, शिकत, शिकवत होते. बहुतेक लोक क्रमांक ३ चं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, आणि तिथल्या जवळपास ७ मीटर उंच बुद्धमूर्ती पाहून परततात. विद्यापीठ खरं वसलं होतं ते वरच्या बाजूच्या साध्यासुध्या लेण्यांत.

अशा एखाद्या लेण्यासमोर उभे राहा. पुढे छोटं अंगण, त्यात दगडी बाक. चार-पाच पायऱ्या, मग ओसरी. आतल्या खोलीत भिंतीला लागून कातळातच ठेवलेला ओटा. भिक्षूचं अंथरूण तेच. आणि अंगणाच्या कडेला टाकं. इथले शिलालेख त्याला ‘पोढी’ म्हणतात. दानलेखांत ‘लेण’ आणि ‘पोढी’ कितीदा तरी जोडीनेच येतात. कल्याण, सोपाऱ्याकडचे व्यापारी भिक्षूंना घर देत ते पाण्यासकट!

कारण उघड आहे. मुंबईत वर्षाला दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जवळपास सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने डोंगर कोरडा. भिक्षूंनी पावसाळ्यात भटकंती थांबवून एका जागी राहायचं, हा वर्षावासाचा नियम. पण बारमाही अध्ययन चालवायचं तर मे महिन्यातही घागर भरली पाहिजे. आता गणित करू. लेण्याच्या माथ्यावरचा ५० चौरस मीटर उतार धरला आणि त्यावर २ मीटर पाऊस पडला, तर होतात १०० घनमीटर, म्हणजे १ लाख लिटर. निम्मं वाहून गेलं तरी ५० हजार उरतात. एका-दोघांच्या बिऱ्हाडाला वर्षभर पुरून उरतील इतके.

टाक्याचं तोंड लहान आणि पोट आत, खडकाखाली पसरलेलं. ऊन आत पोचत नाही, त्यामुळे वाफ कमी होते आणि शेवाळही फारसं धरत नाही. इथला खडक अजिंठ्यासारखा एकसंध बेसाल्ट नाही. ज्वालामुखीतून उडालेले दगडाचे तुकडे राखेत जमून तो बनला आहे. हात फिरवला की खडे लागतात. नाजूक नक्षीला असला दगड फारसा साथ देत नाही. इथल्या कारागिरांनी आपली अक्कल पन्हळी आणि उतार साधण्यात खर्च केली, असं मला वाटतं.

एकत्र बसायची जागा म्हणजे क्रमांक ११ चं लेणं. मोठा मंडप आणि त्यात लांबच्या लांब, बुटके दगडी बाक समांतर कोरलेले. वेरूळच्या ५ क्रमांकाच्या लेण्यातही असेच आहेत. कुणी म्हणतं जेवणाची पंगत, कुणी म्हणतं पाठांतराचा वर्ग. मला दोन्ही पटतं. वसतिगृहात एकच हॉल किती कामांना येतो ते आपल्याला ठाऊक आहे.

वर्ग होते याचा पुरावा मात्र एका जमाखर्चात सापडतो. नवव्या शतकात, कोकणावर शिलाहार पुल्लशक्तीचा अंमल असताना कोरलेल्या दानलेखात द्रम्मांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, वाटणी दिली आहे: पूजेला २०, विहाराच्या डागडुजीला ३, चीवरांना, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांना ५ आणि पुस्तकांसाठी १. ग्रंथालयाचं अनुदान तेव्हाही शेवटच्या ओळीत! डागडुजीचे ३ द्रम्म नेमके कशावर खर्च झाले ते लेखात नाही. पण कोकणातला पाऊस पाहिलेला माणूस सांगेल, मृगाआधी पन्हळी साफ करायला कुणीतरी कातळावर चढत असणारच.